राग रास्त आहे, पत्ता चुकला आहे

सांगली जिल्ह्यातील एका वाचकाचे जानेवारी 2025 मधले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"माझे वय एकोणपन्नास असून मी एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करतो. शाळेत असल्यापासून भारतीय संघाचा परदेश दौरा मी कधी चुकवला नाही. आधी रेडिओवर, मग दूरदर्शनवर, आता मोबाइलवर. या वेळी ऑस्ट्रेलियातील सामन्यांसाठी भल्या पहाटे उठत होतो. पर्थची कसोटी जिंकली तेव्हा कचेरीत पेढे वाटले. मेलबर्नच्या शेवटच्या दिवसासाठी, म्हणजे 30 डिसेंबरला, मुद्दाम रजा टाकली होती. चहापानानंतर डोळ्यांदेखत डाव कोसळला. संतापाच्या भरात मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका ज्येष्ठ खेळाडूबद्दल, त्याच्या पत्नीबद्दल आणि लहान मुलांबद्दल फार वाईट शब्दांत लिहिले. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि स्मृती मानधनाला पाहून क्रिकेट खेळू लागली आहे. तिने त्याच गटावर मला विचारले, 'बाबा, याच महिन्यात स्मृतीचा संघ ऑस्ट्रेलियात तिन्ही सामने हरला, तेव्हा तुम्ही एक अक्षर लिहिले नाहीत. उद्या मी शून्यावर बाद झाले, तर माझ्याबद्दल आणि आईबद्दल कोणी असेच लिहायचे का?' मी चिडून उत्तर दिले की बायकांच्या क्रिकेटची गोष्ट वेगळी असते. तिने गट सोडला. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त आईमार्फत बोलते. सिडनीची कसोटी मी एकट्याने पाहिली. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोट्यवधी रुपये घेणाऱ्या खेळाडूंवर रागावण्याचा मला अधिकार नाही का? एवढा त्रास होत असेल तर क्रिकेट पाहणेच सोडून द्यावे का? आणि मुलीला कसे समजवावे?"

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आले. उत्तर उशिरा देत आहे, कारण सिडनीची जखम ताजी असताना लिहिलेले काहीही तुम्ही शांतपणे वाचले नसते, असे मला वाटले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. तुम्हाला रागावण्याचा अधिकार आहे आणि या दौऱ्यात त्याला पुरेशी कारणेही होती. जो माणूस दीड महिना झोप मोडून एका संघासोबत राहतो, त्याला "खेळ आहे, हार-जीत व्हायचीच" असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटते, म्हणून ते मी सांगणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तुमचा राग जिथे जायला हवा होता तिथे तो पोहोचलाच नाही. वाटेत एका माणसाच्या घरात शिरला आणि तिथून थेट तुमच्या घरात आला.

तो कुठे जायला हवा होता, ते आधी पाहू. पर्थला आपण 295 धावांनी जिंकलो, पण त्याही सामन्यात आपला पहिला डाव 150 धावांत संपला होता, हे पेढे वाटण्याच्या आनंदात आपण सगळेच विसरलो. पुढे ॲडलेडला 180 आणि 175, ब्रिस्बेनला पहिल्या डावात 260, सिडनीला 185 आणि 157. मेलबर्नचा पहिला डाव 369 पर्यंत गेला तो नितीशकुमार रेड्डीच्या 114 धावांमुळे, म्हणजे पहिल्याच मालिकेत खेळणाऱ्या आणि आठव्या क्रमांकावर उतरलेल्या एका तरुणामुळे. हे आकडे ओळीने वाचले की लक्षात येते की मेलबर्नच्या शेवटच्या सत्रात अचानक काही घडले नव्हते. वरच्या फळीचा हा आजार पहिल्या दिवसापासून दिसत होता आणि बुमराच्या गोलंदाजीने तो झाकला जात होता.

जसप्रीत बुमराने या मालिकेत 13.06 च्या सरासरीने 32 बळी घेतले. परदेशातील एका मालिकेत भारतीय गोलंदाजाने घेतलेले हे सर्वाधिक बळी आहेत. आधीचा विक्रम बिशनसिंग बेदींच्या नावावर होता, 1977-78 मध्ये ऑस्ट्रेलियातच घेतलेल्या 31 बळींचा. पण या 32 बळींसाठी त्याने दीडशेहून अधिक षटके टाकली आणि सिडनीच्या अखेरच्या डावात, जेव्हा ऑस्ट्रेलियाला 162 धावा हव्या होत्या, तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे तो मैदानावरच उतरू शकला नाही. एका माणसाच्या पाठीवर संपूर्ण मालिका तोलून धरण्याचा निर्णय कोणाचा होता, दुसऱ्या टोकाकडून दबाव राखेल असा गोलंदाज दौऱ्याआधी का घडवला गेला नाही, मोहम्मद शमी दुखापतीतून सावरत असताना त्याच्या जागी नेमकी कोणती योजना होती, हे प्रश्न रागाने विचारा. त्यांची उत्तरे निवड समितीने आणि मंडळाने द्यायची आहेत.

तयारीबद्दलही हेच. मायदेशातली न्यूझीलंडविरुद्धची मालिका 3 नोव्हेंबरला वानखेडेवर संपली आणि 22 नोव्हेंबरला पर्थची कसोटी सुरू झाली. त्या मायदेशातल्या मालिकेत आपण 0-3 असे हरलो होतो. पुण्याच्या कसोटीत मिचेल सँटनरने 13 बळी घेतले होते. म्हणजे शेवटच्या दोन कसोटींत आपले फलंदाज हातभर वळणाऱ्या चेंडूंशी झगडत होते आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना छातीपर्यंत उसळणाऱ्या चेंडूंसमोर उभे राहायचे होते. मधल्या काळात बाहेरच्या संघाविरुद्ध प्रथमश्रेणीचा एकही सराव सामना झाला नाही. पर्थनंतर कॅनबेराला पंतप्रधान एकादशविरुद्ध दोन दिवसांचा एक सामना होता, त्यातला पहिला दिवस पावसात गेला. भारतातल्या खेळपट्टीवर जो चेंडू मांडीच्या उंचीवर येतो आणि बॅटच्या मधोमध बसतो, तोच टप्पा ऑस्ट्रेलियात बॅटच्या वरच्या कडेला येऊन भिडतो. हा फरक डोळ्यांना कळायला एक दिवस पुरतो, पण हातांच्या अंगवळणी पडायला सामने खेळावे लागतात, आणि ते सामने वेळापत्रकातून गेली कित्येक वर्षे हळूहळू काढून टाकले गेले आहेत. विराट कोहली या मालिकेत आठ वेळा बाद झाला आणि आठही वेळा यष्टिरक्षकाकडे किंवा स्लिपच्या पट्ट्यात झेल देऊन बाद झाला. हा दोष सगळ्यांना दिसत होता, त्यालाही दिसत असणार. तो सुधारण्याची जागा कसोटी सामन्यात नसते, तर चार दिवसांच्या देशांतर्गत सामन्यांत असते, आणि तिथे आपले मोठे खेळाडू वर्षानुवर्षे गेलेच नव्हते. या मुद्द्यावर चाहत्यांनी जो आवाज उठवला तो योग्य होता. जानेवारीत मंडळाने देशांतर्गत क्रिकेट खेळणे बंधनकारक केले, आणि रोहित शर्मा, यशस्वी जैस्वाल मुंबईकडून रणजी खेळायला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर उतरले. जम्मू-काश्मीरच्या संघाने तिथे गतविजेत्या मुंबईला पाच गडी राखून हरवले, हेही आपण पाहिले. देशांतर्गत क्रिकेटला आपण समजतो त्यापेक्षा अधिक धार आहे.

आता ज्या सत्रामुळे तुमचा तोल गेला, त्या सत्राकडे येतो. जिंकायला 340 धावा हव्या असताना उपाहाराला आपण 3 बाद 33 होतो. त्यानंतर जैस्वाल आणि ऋषभ पंत यांनी पूर्ण दुसरे सत्र एकही गडी न गमावता खेळून काढले. ते सत्र तुम्ही पाहिले आहे. त्यात पंतने स्वतःचा स्वभाव किती आवळून धरला होता, हे तुमच्यासारख्या जुन्या प्रेक्षकाला सांगायला नको. चहापानानंतर ट्रॅव्हिस हेडच्या एका आखूड चेंडूवर त्याने तो फटका मारला, लाँग ऑनच्या सीमेजवळ झेल गेला, आणि 121 वरून 155 पर्यंत उरलेला सगळा डाव गडगडला; शेवटचे सात गडी 34 धावांत गेले. तो फटका चुकीचा होता. माझे स्पष्ट मत आहे की त्या परिस्थितीत सामना वाचवण्याखेरीज दुसरे काही मनात आणायला नको होते. पण दोन तास संयम राखलेला माणूस एका चेंडूला चुकला, एवढेच ते सत्य आहे. पुढे जैस्वालच्या झेलाबाबत आवाज टिपणाऱ्या यंत्रावर रेघ हलली नसताना, चेंडूची दिशा बदललेली दिसते म्हणून तिसऱ्या पंचाने त्याला बाद ठरवले. त्यावरही आपण भांडलो. हे सारे क्रिकेटचे भांडण आहे आणि ते कितीही जोरात करता येते. यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर कोणाच्या पत्नीपाशी नव्हते, मुलांपाशी तर नव्हतेच.

तुम्ही पैशाचा मुद्दा काढला आहे. एका कसोटीचे मानधन 15 लाख रुपये आहे, वार्षिक करार वेगळा आणि जाहिराती वेगळ्या, हे खरे आहे. प्रेक्षक आपला वेळ आणि पैसा देतो म्हणूनच ही रक्कम उभी राहते, हेही खरे आहे, आणि म्हणून मंडळाला हिशेब मागण्याचा त्याचा हक्क मी पूर्णपणे मान्य करतो. तुम्ही हिशेब खात्यात आहात, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले समजेल की ज्या कामासाठी मोबदला दिला जातो त्या कामापुरतीच जाब विचारण्याची सीमा असते. खेळाडूने फलंदाजीसाठी पैसे घेतले आहेत. आपले कुटुंब आपल्या रागासाठी उपलब्ध करून देण्याचे पैसे त्याने घेतलेले नाहीत. आणि पैसा हे या रागाचे मूळ नाहीच, कारण ज्या काळात क्रिकेटपटूला फारसे काही मिळत नव्हते त्या काळातही हा राग असाच होता आणि असाच चुकीच्या दारात गेला होता.

अजित वाडेकरांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पण ती पुन्हा एकदा सावकाश आठवावी अशी माझी विनंती आहे. 1971 साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली. त्या मालिकेत मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी 642 आणि नवख्या सुनील गावसकरांनी 774 धावा केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर फिरकी गोलंदाज चंद्रशेखरांनी 38 धावांत 6 बळी घेतले, इंग्लंडचा डाव 101 धावांत संपला आणि 24 ऑगस्टला भारताने इंग्लंडमध्येही पहिल्यांदा मालिका जिंकली. संघ परतला तेव्हा मुंबईत मिरवणूक निघाली. पुढे इंदूरमध्ये या विजयाची आठवण म्हणून एक प्रचंड बॅट उभारली गेली आणि तिच्यावर खेळाडूंची नावे कोरली गेली. मग 1974 चा इंग्लंड दौरा आला. तो उन्हाळा थंड आणि ओला होता, फिरकीला साथ मिळत नव्हती, लॉर्ड्सवर चंद्रशेखर जखमी झाले आणि इंग्लंडने 629 धावांचा डोंगर रचला. आपल्या संघाने पहिल्या डावात 302 धावा केल्या होत्या. त्याच संघाचा दुसरा डाव 24 जूनच्या ढगाळ सकाळी अवघ्या 17 षटकांत 42 धावांत आटोपला. एकनाथ सोलकर तेवढे 18 धावांवर नाबाद राहिले. मालिका 0-3 अशी गेली.

त्यानंतर वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगडफेक झाली. इंदूरची ती बॅट लोकांनी विद्रूप केली. तीन वर्षांपूर्वी ज्यांना डोक्यावर घेतले होते त्यांच्याशी आपण असे वागलो. दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती जाहीर केली. भारताला परदेशात सलग दोन मालिका जिंकून देणारा कर्णधार तेहतिसाव्या वर्षी मैदानाबाहेर गेला. संघ मात्र सावरला. 12 एप्रिल 1976 रोजी, म्हणजे 42 धावांच्या त्या सकाळीनंतर दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चौथ्या डावात 4 बाद 406 धावा करून सामना जिंकला. त्या संघात गावसकर होते, विश्वनाथ होते, मोहिंदर अमरनाथ होते. वाडेकर नव्हते. दगडफेकीने आपल्या फलंदाजांना इंग्लंडमध्ये स्विंग खेळता आला असेल, असे कोणी म्हणू शकेल का? त्या दगडांनी संघाचे काही सुधारले नाही. एका घराच्या काचा फुटल्या आणि एका माणसाला आपली योग्यता कायमची सिद्ध करत बसावे लागले. पुढे 2007 च्या विश्वचषकातील पराभवानंतर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानकडून हरल्यावर शमीचा धर्म काढला गेला. आता दगड हातात घ्यावा लागत नाही, मोबाइल आधीच हातात असतो. तुम्ही नातेवाइकांच्या गटावर लिहिलेत, ते त्या खेळाडूपर्यंत पोहोचले नसेल. पण ते तुमच्या मुलीपर्यंत पोहोचले, आणि मला वाटते की तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

तिचा प्रश्न पुन्हा वाचा. त्यात दोन वेगवेगळी दुःखे आहेत आणि तुम्ही त्यांपैकी एकच ऐकले. पहिले दुःख तुमच्या भाषेचे आहे. जी मुलगी स्वतः बॅट घेऊन उतरते, तिला प्रत्येक बाद होणाऱ्या खेळाडूच्या जागी स्वतःला पाहणे भाग असते. आपला बाप एका अपयशी फलंदाजाबद्दल असे लिहू शकतो, हे कळल्यावर आपल्या अपयशाच्या दिवशी घरी काय ऐकावे लागेल याची भीती तिला वाटणे स्वाभाविक आहे. दुसरे दुःख तुमच्या मौनाचे आहे. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात भारताचे दोन संघ खेळत होते. महिला संघ एकदिवसीय मालिका 0-3 असा हरला. 11 डिसेंबरला पर्थला झालेल्या तिसऱ्या सामन्यात तुमच्याच सांगलीत, माधवनगरात वाढलेल्या स्मृतीने 105 धावा केल्या आणि तरीही आपण 83 धावांनी हरलो. तुमच्या मुलीने ते शतक नक्की पाहिले असेल. तिला बहुधा वाटले असेल की पहाटे उठणारे, धावफलकावरून जीव ओवाळून टाकणारे बाबा त्या पराभवानेही थोडे कासावीस होतील, निदान त्या शतकाबद्दल चार शब्द बोलतील. तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि तिने ते बोलून दाखवल्यावर "बायकांच्या क्रिकेटची गोष्ट वेगळी" असे म्हणालात. माझ्या मते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या शिव्यांपेक्षा हे वाक्य तिला अधिक लागले आहे. शिव्या एका परक्या माणसाला होत्या. हे वाक्य तिच्यासाठी होते. ज्या खेळात ती आपले भविष्य शोधते आहे, त्या खेळातले तिचे हरणे तुमच्या रागाच्याही लायकीचे नाही, असा त्याचा अर्थ तिने घेतला असेल, आणि तो चुकीचा आहे असे मला म्हणवत नाही.

म्हणून "मुलीला कसे समजवावे" या तुमच्या प्रश्नाची मांडणीच बदलायला हवी. तिला सगळे समजलेले आहे. समजून घेण्याचे काम तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्हाला जमेल असे मला वाटते, कारण तिचा प्रश्न तुम्ही काहीही न वगळता मला लिहून पाठवलात.

सुरुवात त्याच गटावरून करा, कारण जे चार लोकांसमोर बोलले गेले त्याची क्षमा बंद खोलीत मागून पुरे होत नाही. मजकूर केवळ पुसून टाकू नका. "30 डिसेंबरला मी एका खेळाडूच्या कुटुंबाबद्दल जे लिहिले ते लाजिरवाणे होते, त्याबद्दल मी सर्वांची आणि विशेषतः माझ्या मुलीची क्षमा मागतो" इतके साधे लिहा. त्यात "पण" नको, संघ कसा खेळला याचा उल्लेख नको, आणि रागाच्या भरात झाले हे कारणही नको. मुलगी त्या गटात नाही, तेव्हा तिच्याशी समोरासमोर बोला आणि बोलताना दुसऱ्या वाक्याबद्दल, म्हणजे बायकांच्या क्रिकेटबद्दल, आधी बोला. पंधरा जानेवारीला राजकोटला आयर्लंडविरुद्ध स्मृतीने 70 चेंडूंत शतक केले, एकदिवसीय सामन्यांत भारतीय महिलेचे ते तोवरचे सर्वांत जलद शतक होते, आणि त्या दिवशी आपल्या संघाने 5 बाद 435 धावा उभारल्या. तो डाव तुम्ही पाहिला नसेल तर आधी पाहा. पूर्ण पाहा, केवळ चौकार-षटकारांची कापलेली चित्रफीत नको. मग तिला त्यातले काहीतरी खरे विचारा: ऑफ साइडला फटका मारताना स्मृतीचा पुढचा पाय कुठे पडतो, तुझा कुठे पडतो. ज्या बारकाईने तुम्ही कोहलीचे बाद होणे मला दोन पाने लिहून कळवलेत (तो भाग जागेअभावी येथे छापलेला नाही), ती बारकाई तिच्या खेळाला मिळू द्या.

क्रिकेट पाहणे सोडावे का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. तुम्ही सोडू शकणार नाही, आणि सोडल्यास तुमच्या दोघांमधला सर्वांत मोठा दुवा तुटेल. मात्र पाहण्याच्या पद्धतीत दोन बदल करा. सामना चालू असताना आणि संपल्यावर त्या दिवशी कोणत्याही गटावर एक अक्षरही लिहू नका. जे लिहायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी लिहा. रात्र गेल्यावर जो राग उरतो तो बहुतेक वेळा निवडीबद्दलचा, तयारीबद्दलचा, क्षेत्ररचनेबद्दलचा असतो, आणि तो लिहिण्यासारखा असतो. दुसरे, स्कोअरबुक लिहायला घ्या. एकेक चेंडू नोंदवणाऱ्या माणसाला अंदाजाने बोलता येत नाही. स्कॉट बोलंडने सिडनीत दहा बळी घेतले, त्याआधी त्याने किती निर्धाव चेंडू त्याच एका रेषेवर टाकले होते हे कागदावर उतरले, की फलंदाजाचा तो शेवटचा फटका वेगळा दिसू लागतो. चूक ती चूकच राहते, पण ती कशी घडवून आणली गेली हे कळते, आणि समोरच्या संघाच्या कौशल्याला दाद देण्याची जागाही मनात तयार होते. परदेशात हरणाऱ्या आपल्या संघाबद्दल बोलताना आपण नेहमी असे बोलतो की जणू मैदानावर दुसरा संघ नव्हताच.

परदेशात हरणे ही आपल्या क्रिकेटची आजची गोष्ट नाही, आणि तुमच्या गावाला तर हे इतरांपेक्षा अधिक ठाऊक असायला हवे. विजय हजारे सांगलीचे. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत 116 आणि 145 अशी दोन शतके केली. कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी पहिल्या डावात 123 धावा काढल्या. तो सामना भारत एक डाव आणि 16 धावांनी हरला आणि मालिका 0-4 अशी गेली. ऑस्ट्रेलियात मालिका जिंकायला आपल्याला त्यानंतर 2018-19 पर्यंत वाट पाहावी लागली. हजाऱ्यांची ती दोन शतके हरलेल्या सामन्यातली होती म्हणून आज कोणी कमी मोजत नाही. स्मृतीच्या पर्थच्या शतकालाही तोच न्याय लावा. ही तिन्ही शतके एकाच देशातली, तिन्ही हरलेल्या सामन्यांतली आणि तिन्ही सांगलीच्या फलंदाजांची. तुमच्या मुलीला हजाऱ्यांबद्दल कोणी सांगितले नसेल तर तुम्ही सांगा.

येत्या 20 जून 2025 पासून भारतीय संघ लीड्सला इंग्लंडविरुद्ध पाच कसोटींची मालिका सुरू करील. तिथे जास्त स्विंग होणारा ड्यूक्सचा चेंडू असेल, ढग असतील, आणि आपली फलंदाजी पुन्हा एकदा कोसळण्याची शक्यता आहे, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा. याच लीड्सवर 1952 साली हजारे कर्णधार असताना दुसऱ्या डावात धावफलकावर 4 बाद 0 लागले होते. हजारे आणि फडकर यांनी त्यानंतर 105 धावांची भागीदारी केली, सामना तरीही हरला. सामने आपल्या दुपारी साडेतीनला सुरू होतील, तेव्हा पहाटे उठण्याचा प्रश्न नाही. मुलीला तुमच्याशेजारी बसावेसे वाटले तर स्कोअरबुक तिच्याकडे द्या आणि ती म्हणेल तेव्हा तुमच्याकडे घ्या. तिला बसावेसे वाटले नाही, तर आग्रह करू नका. एका क्षमायाचनेने महिनाभराचे अबोलेपण लगेच संपत नाही, आणि तुम्ही बदललात हे तिला तुमच्या पुढच्या एखाद्या पराभवाच्या दिवशीच दिसणार आहे.

तोपर्यंत एक काम मात्र जूनची वाट न पाहता करता येईल. तिचा पुढचा सामना कोणत्या तारखेला आणि कोणत्या मैदानावर आहे, हे तिच्या आईला आज विचारा, आणि मेलबर्नसाठी टाकलीत तशी त्या दिवसाची रजा टाका. सामन्यात तिचे काय होते ते होवो. सीमारेषेबाहेर बसा, सूचना ओरडू नका, आणि घरी येताना ती स्वतःहून बोलेपर्यंत तिच्या धावांचा विषय काढू नका.